सतरावी पट्टी

राणीसरकार बिघडायच्या आधी वास यायचा. तापलेल्या रबराचा, जरासा गोडसर. तो वास आला की मी गुडघ्यांवर बसून तिच्या पोटात डोकं घालायचे, आणि वर बसलेली ताई काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं उरलेल्या पट्ट्यांवर वाजवत राहायची. खाली माझ्या शिव्या, वर तिची बासरी. स्केटिंग हॉलमधल्या लोकांना दोन्हींची इतकी सवय झाली होती की कुणी वळूनही बघायचं नाही.

राणीसरकार हा आमचा कीबोर्ड. नाव मीच ठेवलं, लाडानं नव्हे, वैतागून. पांढरं, कपाटाएवढं धूड आणि त्याला पस्तीस पट्ट्या. प्रत्येक पट्टीखाली माझ्या उंचीएवढी टेपची एक फीत. त्या फितीवर कधीतरी, कुठल्यातरी खोलीत कुणीतरी एकच सूर वाजवून ठेवलेला. बटण या टोकाला असलं की बासरी, मधे व्हायोलिनं, त्या टोकाला गाणाऱ्या बायकांचा घोळका. पट्टी दाबली की फीत पळायला लागते आणि सूर उमटतो. आठ सेकंदांत फीत संपते आणि सूर कात्रीनं कापल्यासारखा थांबतो. बोट उचललं की स्प्रिंग फितीला परत मागे ओढून घेते. म्हणजे कितीही जीव अडकला तरी एक सूर आठ सेकंदांच्या वर धरता येत नाही.

ताई सातव्या सेकंदाला बोट उचलायची. मोजून नाही. आपण पापण्या मोजून मिटतो का?

आणि गंमत अशी की सगळा हॉल तिच्या त्या सात सेकंदांवर चालायचा. दुपारी तीन ते सहा वयस्कर मंडळींची वेळ असे. उंच खिडक्यांतून उन्हाचे तिरके पट्टे लाकडी जमिनीवर पडलेले, चाकांखालून उडालेली पिवळी धूळ त्यात तरंगत असलेली, आणि त्या धुळीतून माणसं गोल गोल वाहत असायची. हात हातात धरून फिरणारं एक नवरा-बायकोचं जोडपं होतं, साठी कधीच ओलांडलेलं. एक दातांची डॉक्टरीण दवाखान्याच्या मधल्या सुट्टीत यायची. एक उंच गृहस्थ कायम उलटेच फिरायचे आणि आजवर कुणाला धडकले नव्हते. सूर बदलला की ही सगळी एकदम वळायची. कुणी ठरवलं नव्हतं. मी मशीनला टेकून बघत बसायचे आणि कधी कधी मला झोप आणि जाग यांच्यामधलं काहीतरी लागायचं. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, सगळं पुसून जायचं. मग रबराचा वास यायचा.

मी राणीसरकारची मेकॅनिक. हॉलमध्ये मला सगळे पक्कड म्हणतात, तोंडावर पक्कडताई. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आमच्या दोघींचीही लग्नं झाली नाहीत, आणि त्याचं दुःख करायला आम्हाला राणीसरकारनं कधी सवड दिली नाही. एकतीस वर्षं ताईनं ती वाजवली आणि एकतीस वर्षं मी ती चालती ठेवली. माझ्याकडे एक जाड वही आहे. कोणती पट्टी कधी अडकली, फीत ओढणारा कोणता रबरी रोल कधी बदलला, कोणती फीत कुठे तुटली, सगळं तारखेसकट. त्या वहीचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर ताईच्या वाजवण्यापेक्षा माझ्या वहीमुळे तो हॉल चालतो, असं मला मनातून वाटायचं.

गेल्या वर्षी मात्र राणीसरकारनं हात टेकायला लावले. मोटर दमायची, चार पट्ट्या एकदम दाबल्या की सगळे सूर खाली घसरायचे. धूळ कितीही पुसा, फितींवर चढायचीच. दोन महिन्यांत चार वेळा संगीत मधेच बंद पडलं. चौथ्या वेळी हॉलचे मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पक्कडताई, मला वाईट वाटतंय सांगायला. पण आता पुन्हा बंद पडली, तर मी स्पीकर लावून गाणी सुरू करणार. तुमच्या ताईंना तुम्हीच सांगा. मला धीर होत नाही."

मलाही झाला नाही. ताईला दुपारी तीनला त्या बाकावर बसायचं नाही, असं कुणी सांगायचं म्हणजे काय? तिच्या आयुष्यात सकाळ असते ती तीन वाजायची वाट बघायला, आणि संध्याकाळ असते ती दुपार कशी झाली ते मला सांगायला. मी घरी येऊन तिच्यासाठी चहा टाकला.

मग मी एक पेटी मागवली.

हल्ली अशा इलेक्ट्रॉनिक पेट्या मिळतात. चपलांच्या खोक्याएवढी. राणीसरकारच्याच जातीच्या एका धडधाकट मशीनचे सगळे सूर तिच्यात भरलेले: तीच बासरी, तीच व्हायोलिनं, तोच बायकांचा घोळका. फीत नाही, रबर नाही, स्प्रिंग नाही. तुटायला काही नाहीच. एरवी असल्या पेट्यांची मी यथेच्छ टवाळी केलेली. तरी सोमवारी, हॉलच्या सुट्टीच्या दिवशी, मी एकटी हॉलमध्ये गेले, राणीसरकारचं झाकण काढलं आणि फितींची ती अख्खी चौकट उचलून बाहेर काढली. जुन्या चादरीत गुंडाळून घरी माझ्या कपाटाच्या तळाशी ठेवली. आतमध्ये पेटी बसवली; हे फक्त मॅनेजरांना माहीत होतं. पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या, म्हणजे बोटांना वजन तेच लागेल. मोटरही ठेवली. तिला आता काही काम नव्हतं, पण ती फिरत राहिली की नेहमीची घरघर येईल. पेटीतला सूर आठ सेकंदांनी थांबत नाही, दाबून धराल तोवर चालूच राहतो. पण त्याची मला भीती नव्हती. ताई सात सेकंदांच्या पुढे जाणारच नव्हती. माझी सगळी लबाडी तिच्या शिस्तीवर उभी होती.

मंगळवारी ती बसली, वाजवलं, आणि संध्याकाळी घरी येताना म्हणाली, "आज काय शहाण्यासारखी वागली गं राणीसरकार. काय केलंस तिला?"

"तेलपाणी," मी म्हटलं.

पहिले आठ-दहा दिवस काय सांगू. रबराचा वास नाही, घसरणं नाही. मी तिथे खुर्ची टाकून चक्क विणकाम करायला लागले. मॅनेजर लांबून मान डोलवायचे. माणसं उन्हाच्या पट्ट्यांतून आत यायची, सावलीत जायची, परत उजळायची. बासरीवाल्यानं सूर लावण्याआधी घेतलेला श्वास मला प्रत्येक वेळी ऐकू यायचा, अगदी स्वच्छ, आणि प्रत्येक वेळी अगदी तोच. जुन्या फितींवर तो कधी असायचा, कधी पुसट व्हायचा. आता रोज तोच श्वास. मला ते थोडं विचित्र वाटलं, पण विणकामाचे टाके मोजता मोजता मी ते सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात उलटे फिरणारे गृहस्थ पहिल्यांदा कुणाला तरी धडकले. दातांच्या डॉक्टरीणबाईंना. दोघं हसले, पण ताई हसली नाही. तिनं मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

त्यानंतर घरी यायची ती सरळ खिडकीशी जाऊन बसायची. दुपार कशी झाली, हे सांगायचंच बंद केलं. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "काहीतरी पुढे-मागे होतंय. सूर एकमेकांना धरत नाहीत. तुला ऐकू येत नाही?"

"मला तर छान वाटतंय."

"मशीन छानच आहे," ती म्हणाली. "तेच तर म्हणतेय मी."

तिनं कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. ताई मात्र घराचं कुलूप काढताना म्हणाली, "कान चांगले आहेत. म्हणजे हात गेले."

आणि मला तिची कीव आली. हे लिहिताना लाज वाटते, पण आली. मला वाटलं, वय झालं बिचारीचं. बरं झालं पेटी बसवली, निदान एक गोष्ट तरी भरवशाची आहे. मी तिला आल्याचा चहा करून दिला आणि पाठीवरून हात फिरवला. एवढी शहाणी मी.

महिना संपायला आठवडा राहिला होता तेव्हा तिनं मला सांगितलं की ती मॅनेजरांशी बोलली आहे. महिनाअखेरीला ती वाजवणं सोडणार. कारण विचारलं तर तिनं हात पुढे केले, दोन्ही, पालथे. जणू मला दिसायला हवं होतं काय ते.

त्याच रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलाच्या कडेवर वाजवत बसली होती. आवाजाशिवाय, नुसती बोटं. मी समोर भाजी निवडत होते. तिचे तुकडे मला पाठ आहेत, कोणतं बोट कुठल्या पट्टीवर पडतं ते मला झोपेतही सांगता येईल. सूर बदलला की चार बोटं एकदम टेबलावर पडायची. पण एक बोट एकदम पडत नव्हतं. इतरांच्या आधी पडत होतं, अगदी किंचित, पापणी लवायला वेळ लागतो तेवढंच आधी. पुन्हा. पुन्हा तेच बोट. आणि त्या बोटाखाली प्रत्येक वेळी एकच पट्टी असायला हवी होती. सतरावी.

मी भाजी तशीच टाकून माझ्या खोलीत गेले. वही काढली. सतरावी पट्टी: बावीस वर्षांपूर्वी फीत सुरुवातीलाच तुटली होती. मी ती जोडली होती, मधे कोऱ्या टेपचा एक छोटा तुकडा घालून. खाली माझ्याच अक्षरात: ‘ताईकडून वाजवून घेतली. उत्तम.’ उत्तमखाली दोन रेघा.

कपाटातून चौकट काढली, चादर सोडली. सतरावी फीत हातात घेतली आणि तो कोरा तुकडा मोजला. नखाएवढा पुरला असता, मी दोन बोटं घातला होता. म्हणजे पट्टी दाबली की आधी दोन बोटं शांतता पळणार, मग सूर येणार. बावीस वर्षं सतरावी पट्टी उशिरा येत होती. आणि बावीस वर्षं ताई ती आधी दाबत होती, म्हणून ती वेळेवर येत होती. मी जे ऐकून ‘उत्तम’ लिहिलं होतं, ती माझी दुरुस्ती नव्हतीच.

मी पुढच्या फिती बघितल्या. सातवी, अकरावी, अठ्ठाविसावी. माझे जोड, माझे रोल, माझ्या उत्तमखालच्या रेघा. पेटीत यातलं काहीच नव्हतं. पेटीत सगळे सूर दाबल्याबरोबर येत होते, आणि माझी ताई एकतीस वर्षं मेहनतीनं शिकलेलं सगळं वाजवत होती, त्यामुळे सगळं चुकत होतं.

मी फीत हातात घेऊनच बाहेर आले. बसवेना म्हणून उभ्यानंच सांगितलं. पेटी, सोमवार, चादर, मोटरची घरघर. मॅनेजर काय म्हणाले होते तेही. ती ऐकत होती आणि तिची बोटं टेबलाच्या कडेवर तशीच होती, थांबलेली.

ती म्हणाली, "सतरावी उशिरा येते, हे तुला आज कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. मग आधी दाबायला लागले. नंतर विसरूनही गेले. हात नाही विसरले."

"मग मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं? तीन दिवस तू त्या फितीत डोकं खुपसून बसली होतीस. जेवत नव्हतीस. मग मला हाक मारलीस, म्हणालीस, वाजव. तुझा चेहरा बघितला मी. एक बोट जरा आधी टाकायचं, त्यात काय एवढं?"

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचंही तसंच."

मला रडू फुटलं. ती उठून मला जवळ घेईल असं वाटलं होतं, लहानपणापासून घेत आली होती. ती उठली नाही.

"महिनाभर," ती म्हणाली, "मी रोज अंघोळीला गेले की नळ बंद करून कान देऊन बसायचे, एकेक थेंब ऐकू येतोय का बघायला. कपाचा कान धरताना बोट थरथरतंय का बघायचे. माझं सगळं संपलं असं मला वाटलं. आणि तू चहा करून देत होतीस."

ती चिडली की ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मी धीर करून तिच्या खोलीच्या दाराशी गेले. मी विचार करून ठेवला होता. पेटीत उशीर भरता येतो, पट्टीगणिक. ताईनं सांगायचं, मी भरायचं. म्हणजे तिचे हात पुन्हा बरोबर ठरतील, वर कधी बंद पडायची भीती नाही. दोन्ही साधतील. मी हे सगळं भराभर सांगितलं.

ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चौकट परत बसव."

"ताई, ती बंद पडेल गं. आज ना उद्या पडेलच. आणि पडली की ते स्पीकर लावणार, मी सांगितलं ना तुला."

"पडू दे."

"मग तू काय करशील?"

"घरी बसेन. नाहीतरी मी घरी बसायलाच निघाले होते," ती म्हणाली. "पण ती बंद पडली तर मशीन बंद पडलं, असं लोक म्हणतील. मीही म्हणेन. तुझ्या पेटीत बिघडायला काहीच नाही. मग काही चुकलं की उरते कोण? मी एकटीच."

सोमवारी आम्ही दोघी गेलो. तिनं चौकटीचं एक टोक धरलं, मी दुसरं. पेटी काढली. फिती एकेक करून रोलांवर चढवल्या. सतराव्या फितीपाशी मी कात्री हातात घेऊन विचारलं, "हा जोड नीट करू का आता?" तिनं माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. कामासाठी आलेल्या मॅनेजरांना तिनं सांगितलं की ती वाजवणं सोडत नाहीये. ते खूश झाले. मग चौकट दिसली तेव्हा जरा कमी खूश झाले, पण त्यांनी अडवलं नाही.

मंगळवारी तिनं वाजवलं. मी विणकाम आणलं नव्हतं. चार सूर एकदम आले, एकमेकांना धरून, जरा डगमगत, आणि समोर सगळी माणसं उन्हातून एकदम वळली. डगमग होतीच. मोटर दमत होती, बासरीवाल्याचा श्वास येत-जात होता. ताईची मान सरळ होती. मला वाटलं, हे असंच चालू राहावं, आणि हे किती दिवस चालणार नाही तेही मला त्याच क्षणी कळत होतं.

एकोणीस दिवस चाललं. रोज संध्याकाळी ती मला सांगायची आणि मी लिहायचे: नववी जड झाली, एकविसावी ओढतेय, तेहेतिसाव्या पट्टीत बायकांपैकी एक खोकते असं वाटतं. मी रोज सकाळी जाऊन जे जमेल ते करायचे. वहीत उत्तम लिहायचं सोडून दिलं होतं.

विसाव्या दिवशी, साडेचारच्या सुमाराला, वास आला. मी गुडघ्यांवर बसायच्या आत आतून फाटल्यासारखा आवाज झाला. पाच-सहा फिती त्यांना ओढणाऱ्या दांड्याभोवती गुंडाळल्या गेल्या, मोटर कण्हली आणि थांबली. पण माणसं थांबली नाहीत. त्या शांततेत नुसती चाकं वाजत होती, आणि सात-सात सेकंदांनी सगळी वळत होती, बहुधा त्यांना कळतही नव्हतं. असे तीन फेरे झाले, चार झाले. मग हळूहळू एकेक जण कडेला यायला लागला. मॅनेजर त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. मी पान्याकडे हात नेला आणि मागे घेतला, कारण आतलं दिसत होतं. हे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

ते वयस्कर जोडपं हात न सोडता घसरत आमच्यापाशी आलं. बाईंनी काळजीनं ताईकडे बघितलं. "काय झालं हो? तुम्ही बऱ्या आहात ना?"

ताईनं हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले. हात स्थिर होते.

"मी बरी आहे," ती म्हणाली. "मशीन बंद पडलं."